तवा गरम आहे!

गेले काही आठवडे मी भेटेल त्या माणसाला एकच गोष्ट सांगत सुटलो आहे. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, एका साखरपुड्यात तर शेजारच्या ताटावरच्या पूर्ण अनोळखी गृहस्थांना. आता बायकोने घरात ‘प्रोसेसर’ हा शब्द उच्चारायला बंदी घातली आहे, म्हणून इथे लिहितो. गोष्ट अशी की, तुमच्या-माझ्या संगणकाच्या पोटातली चिप सांगितलेलं काम तर करतेच, पण न सांगितलेलं कामही सतत करत असते. अंदाजाने, आधीच, कुणी विचारायच्या आत! अंदाज चुकला की केलेलं सगळं निमूटपणे पुसून टाकते. वीस-बावीस वर्षं जवळजवळ सगळ्या जाणकारांची समजूत होती की पुसलं म्हणजे पुसलं. तसं नव्हतं. आणि तसं नाही हे ज्या तऱ्हेने उघडकीला आलं, ती तऱ्हा इतकी देखणी आहे की पहिल्यांदा कळली त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी संगणकातला माणूस नव्हे. आयुष्य ऑडिटमध्ये गेलं, लोकांच्या वह्या तपासण्यात. माझा जुना लॅपटॉप विंडोजखाली कण्हायला लागला, तेव्हा भाचीने त्यावर लिनक्स घालून दिलं आणि ‘बघ मामा, आता तुझ्या प्रोसेसरची कुंडली दाखवते,’ म्हणून काळ्या खिडकीत ‘एलएससीपीयू’ अशी आज्ञा टाइप केली. भराभरा ओळी आल्या. नाव, कुळ, कोअर किती, कॅश किती. मग तळाशी एक शीर्षक, ‘व्हल्नरेबिलिटीज’, आणि त्याखाली भुताखेतांची यादी असावी तशी नावं: मेल्टडाउन, स्पेक्टर व्ही वन, स्पेक्टर व्ही टू, रेटब्लीड, आणखी कितीतरी. काहींपुढे ‘नॉट अफेक्टेड’, काहींपुढे ‘मिटिगेशन’, आणि एकापुढे चक्क ‘व्हल्नरेबल’.

‘हे काय गं?’

‘तुझ्या चिपमधले दोष. जन्मजात.’

‘मग दुकानदार बदलून देईल का?’

‘सगळ्यांच्याच चिपमध्ये आहेत रे मामा,’ ती हसून म्हणाली. ‘त्याच्या स्वतःच्या पण.’

अहो, माझ्या धंद्यात कुठलीही कंपनी स्वतःच्या ताळेबंदात स्वतःचे दोष असे नावानिशी छापत नाही! इथे यंत्र स्वतः सांगतंय की मी इथे इथे फुटका आहे, इथे ठिगळ लावलंय, आणि इथे ठिगळही नाही. ती यादी मी सोडूच शकलो नाही. भाची गेली आणि मी वाचत बसलो.

आधी वेगाचं बघा, कारण सगळा खेळ वेगाचा आहे. साध्या लॅपटॉपच्या प्रोसेसरचं घड्याळ सेकंदाला ३०० कोटी ठोके देतं. त्यालाच ३ गिगाहर्ट्झ म्हणतात. एका ठोक्याच्या वेळात प्रकाश किती अंतर जातो, माहीत आहे? १० सेंटिमीटर. प्रकाश! एक वीतभरही नाही. आता एवढ्या घाईतल्या यंत्राला रॅममधून एखादा आकडा आणायचा झाला तर दोनशे-तीनशे ठोके ताटकळावं लागतं. एक ठोका म्हणजे एक सेकंद असं धरा, म्हणजे अंदाज येईल: रॅममधला आकडा यायला चार-पाच मिनिटं. तोच आकडा चिपच्या पोटातल्या सगळ्यांत जवळच्या कॅशमध्ये असेल तर चार-पाच सेकंदांत हजर. काही सेकंद आणि काही मिनिटं, हा फरक तेवढा लक्षात ठेवा. पुढचं सगळं रहस्य त्यातच आहे.

मिनिटांची ही वाट टाळायला इंजिनिअरांनी दोन युक्त्या केल्या. एकदा आणलेला आकडा कॅशमध्ये ठेवून द्यायचा, पुन्हा लागला तर हाताशी असावा म्हणून. ही पहिली. दुसरी जास्त धाडसाची. प्रोग्रॅममध्ये पावलोपावली फाटे असतात: खात्यात शिल्लक पुरेशी असेल तर इकडे जा, नसेल तर तिकडे. शिल्लक किती हे रॅममधून कळेपर्यंत चिप थांबत नाही. मागचा अनुभव बघते, ‘बहुधा पुरेशी असणार’ असा होरा बांधते आणि त्या फाट्याने निघूनही जाते. शंभरात पंचाण्णवाहून जास्त वेळा होरा खरा ठरतो. चुकलाच तर तिथवरचं काम रद्द, मागे फिरून दुसरा फाटा. याला स्पेक्युलेटिव्ह एक्झिक्युशन म्हणतात. इंटेलने १९९५ साली पेंटियम प्रो आणला तेव्हापासून हे तंत्र त्यांच्या बहुतेक सगळ्या चिपमध्ये आहे.

आमच्या कोपऱ्यावरच्या उडुपी हॉटेलातला जुना वेटर नेमकं हेच करतो. रोजचं गिऱ्हाईक दारात दिसलं की ते खुर्ची ओढायच्या आत हा आत ओरडतो, ‘एक मसाला!’ आणि बहुतेक वेळा तो डोसा त्याच टेबलावर जातो. एखाद्या दिवशी गिऱ्हाईक म्हणतं, आज नुसती कॉफी. झालं, डोसा रद्द. बिलात नाही, गल्ल्यात नाही, मालकाच्या वहीत नाही. माझ्यासारख्याने ती वही उलटीपालटी करून तपासली तरी त्या डोशाचा मागमूस लागणार नाही. पण आत जा आणि तव्यावर हात धरा. तवा गरम आहे!

कॅश म्हणजे तो तवा. चिप रद्द केलेल्या कामाचं उत्तर पुसते, हिशेब पुसते, पण त्या कामासाठी जे रॅममधून कॅशमध्ये ओढून आणलं ते तिथेच राहतं. आता यातून दुसऱ्याचं गुपित कसं काढायचं? इथे मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारायला लागलो होतो, तेव्हा सावकाश सांगतो.

प्रत्येक संगणकाच्या मेमरीत एक सोवळ्यातला भाग असतो, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, कर्नलचा. तिथे सगळ्यांचं सगळं असतं: पासवर्ड, गुप्त किल्ल्या, दुसऱ्या प्रोग्रॅमांचं सामान. साध्या प्रोग्रॅमने तिथे डोकावलं की चिप त्याला हाकलते. मेल्टडाउनचा प्रोग्रॅम तिथे मुद्दाम डोकावतो. हाकललं जाणार हे पक्कं ठाऊक असून! कारण त्याला चिपचा स्वभाव माहीत आहे. परवानगी तपासून होईपर्यंत थांबण्याइतका तिला धीर नाही. ती तो गुप्त आकडा उचलते, पुढची दोन-चार कामं आगाऊ उरकते, आणि मग तपासणीचा निकाल येतो: परवानगी नाही. सगळं रद्द. तो आकडा प्रोग्रॅमच्या हाती पडत नाही. कधीच पडत नाही.

पण प्रोग्रॅमने आधीच स्वतःच्या हक्काच्या जागेत २५६ पानं मांडून ठेवलेली असतात, प्रत्येक पान ४०९६ बाइटांचं, आणि ती सगळी कॅशमधून हुसकून लावलेली, म्हणजे थंड. २५६ का? कारण एका बाइटची किंमत ० ते २५५ यांतली कुठलीही असू शकते. त्या निमिषभराच्या आगाऊ कामात प्रोग्रॅम चिपला एवढंच करायला लावतो: जो गुप्त आकडा उचलला असशील, त्या क्रमांकाचं माझं पान उघड. समजा आकडा होता ७७. चिप ७७ क्रमांकाचं पान उघडते, पान कॅशमध्ये येतं, तेवढ्यात नकार येऊन थडकतो आणि सगळं पुसलं जातं. ते पान मात्र कॅशमध्ये राहतं. आता आपला प्रोग्रॅम शहाण्या मुलासारखा, कुठलाही नियम न मोडता, स्वतःचीच २५६ पानं एकेक करून वाचतो आणि प्रत्येकाला किती ठोके लागले ते मोजतो. शून्य क्रमांकाचं पान, दोनशेच्या वर. एक क्रमांकाचं, दोनशेच्या वर. दोन, तीन, चार, सगळी दोनशेच्या वर. सत्त्याहत्तर... शंभराच्या आत! तवा गरम आहे! संगणकाच्या लिपीत ७७ म्हणजे इंग्रजी मोठं ‘एम’. पासवर्डचं पहिलं अक्षर हाती आलं. चला पुढच्याकडे.

कुलूप फोडलं नाही, भिंतीला भोक पाडलं नाही. बाहेर आला तो फक्त वेळ. ‘उशीर लागला’ आणि ‘लवकर झालं’ एवढ्यावरून अख्खी मेमरी वाचता येते! किती भरभर? मेल्टडाउनच्या शोधनिबंधात सेकंदाला ५०३ किलोबाइटपर्यंतचा वेग नोंदवला आहे, म्हणजे दर सेकंदाला एक भरगच्च इंग्रजी कादंबरी. पानं थंड करून मग कुठलं गरम झालं ते घड्याळाने ओळखायची कला मात्र आधीपासून होती. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेड विद्यापीठाचे युवाल यारोम आणि कॅट्रिना फॉकनर यांनी ती २०१४ साली ‘फ्लश अँड रिलोड’ या नावाने मांडली होती. मेल्टडाउनने तिला चिपच्या उतावळेपणाशी नेऊन जोडलं.

माझ्यातला ऑडिटर इथे अडला. एवढी मोठी गफलत, तर चूक नेमकी कुणाची? कुठल्या पानावर? मागे मागे जात मी थेट १९६४ सालात पोहोचलो, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत थरारक भाग तिथे आहे.

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने ‘सिस्टिम ३६०’ जाहीर केली. तोवर नवं यंत्र घेतलं की बहुधा प्रोग्रॅमही नव्याने लिहावे लागत. ३६० हे अख्खं घराणं होतं, लहान यंत्रं, मोठी यंत्रं, आणि प्रोग्रॅम मात्र सगळ्यांवर तोच चालणार. जीन अॅमडाल, गेरिट ब्लाऊ आणि फ्रेड ब्रुक्स या तिघांनी त्यासाठी एक फारकत केली. यंत्र प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला बाहेरून कसं दिसतं ही एक गोष्ट, आणि ते आतून कसं बांधलंय ही दुसरी. बाहेरचं रूप हा करार: ही आज्ञा दिलीत तर हे उत्तर मिळेल. किती वेळात मिळेल, हे करारात नाही. मुद्दामच नाही! स्वस्त यंत्र सावकाश उत्तर देईल, महाग यंत्र झटकन देईल, उत्तर तेच. दहा वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम आज नव्या लॅपटॉपवर न बदलता जास्त वेगाने चालतो, ती या कराराची पुण्याई. त्याच घराण्यातल्या मॉडेल ९१ साठी रॉबर्ट टोमासुलो यांनी १९६७ साली अपूर्णांकांच्या गणितात क्रम सोडून, जे तयार असेल ते आधी उरकायची रीत मांडली, आणि आजच्या चिपांच्या धांदलीचं मूळ तिथपर्यंत जातं.

बघा आता. करारात वेळ नव्हता म्हणून इंजिनिअरांना वेळेशी हवे ते खेळ करता आले. आणि करारात वेळ नव्हता म्हणूनच चिप बरोबर चालते की नाही हे तपासणाऱ्यांनी वेळेकडे पाहिलं नाही. उत्तरं अचूक येत होती. कराराचा एक शब्दही न मोडता तिजोरी उघडी पडली होती! आयुष्यभर मी जुळलेल्या वह्या बघून सह्या केल्या; वही जुळली की माझं काम संपलं, अशी आमची शिकवण. इथे वही पैशापैशापर्यंत जुळते आणि तरी माल बाहेर जातोय. मला हे भयंकर वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, मी टाळी वाजवली.

अर्थात, कुणालाच सुचलं नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. बटलर लॅम्पसन यांनी १९७३ मध्येच लिहून ठेवलं होतं की कोंडून ठेवलेला प्रोग्रॅम यंत्रावर जो भार टाकतो, त्या भारावरूनसुद्धा बाहेरच्याला खबर पोचू शकते. आणि पॉल कॉखर यांनी १९९६ साली दाखवलं की गुप्त किल्ली वापरून गणित करायला किती वेळ लागला, एवढ्यावरून ती किल्ली काढता येते. हे कॉखर लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहेत.

कारण २०१७ साल उजाडतं आणि ही गोष्ट रहस्यकथा होते. गुगलच्या प्रोजेक्ट झीरो या पथकात यान हॉर्न नावाचा जर्मन तरुण झुरिचहून काम करत होता. बातमी जगाला कळली तेव्हा तो २२ वर्षांचा होता. बावीस! इंटेलची हजारो पानांची मॅन्युअलं वाचता वाचता त्याला प्रश्न पडला की आगाऊ केलेल्या आणि मग टाकून दिलेल्या कामाचं पुढे होतं काय. उत्तर सापडलं, आणि १ जून २०१७ रोजी त्याने इंटेल, एएमडी आणि एआरएम या तिघांना गुपचूप कळवलं. त्याच वर्षी कॉखर स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले. जर्मनीच्या ड्रेस्डेनमधले सायबरस टेक्नॉलॉजीचे लोक पोहोचले. ऑस्ट्रियाच्या ग्राझ तंत्रज्ञान विद्यापीठातला गट पोहोचला. वीस वर्षं कुणी त्या दाराला हात लावला नाही, आणि मग एकाच वर्षी चौघांनी एकमेकांच्या नकळत कडी वाजवली. विज्ञानात असं होतं म्हणतात. मला अजून पचलेलं नाही.

ग्राझवाल्यांची कहाणी तर नाटकात घालावी अशी. डॅनियल ग्रुस आणि मंडळींनी एका वेगळ्याच, किरकोळ दुखण्यावर इलाज म्हणून ‘कायझर’ नावाचं ठिगळ आधीच तयार केलं होतं. वेगासाठी कर्नलचा पत्ता प्रत्येक प्रोग्रॅमच्या नकाशात छापलेला असायचा. कायझर तो जवळजवळ सगळा खोडून टाकत असे. त्याने यंत्र थोडं मंदावतं. मग मोठमोठ्या कंपन्यांना या मंद करणाऱ्या ठिगळात एवढा रस का, असा प्रश्न त्यांना पडला. डिसेंबर २०१७ च्या सुरुवातीच्या एका शनिवार-रविवारी ग्रुस, मोरिट्झ लिप आणि मिखाएल श्वार्त्झ यांनी आपापल्या घरी बसून, एकमेकांना निरोपांवर निरोप पाठवत हा हल्ला करून पाहिला. होणार नाही याची जवळजवळ खात्री होती. आणि ग्रुसच्या पडद्यावर त्याच्याच फायरफॉक्समधले खासगी पत्ते उमटायला लागले! औषध आधी बनवलं, रोग नंतर सापडला.

तिकडे लिनक्सच्या अंगणात सगळं उघड्यावर चालतं. कुठला बदल कुणी केला, का केला, कुणीही वाचू शकतो. वर्षअखेरीला लोकांच्या लक्षात आलं की सगळ्यांचे संगणक मंदावणारा एक मोठा बदल विलक्षण घाईने आत घेतला जातोय आणि कारण कुणी नीट सांगत नाही. २६ डिसेंबरला एएमडीच्या एका इंजिनिअरने जाहीर यादीवर पत्र टाकलं की आमच्या चिपांना हे ठिगळ नको, कारण त्या आगाऊ अंदाजातसुद्धा मनाई असलेली मेमरी वाचत नाहीत. बस! रहस्यकथेत खुन्याचं नाव चुकून कुणाच्या तोंडून निसटावं तसं झालं. जाणकारांनी दोन आणि दोन चार केले. २ जानेवारी २०१८ रोजी ‘द रजिस्टर’ने बातमी फोडली, ९ जानेवारीला ठरलेली घोषणा ३ जानेवारीलाच करावी लागली, आणि जगाला एकाच दिवशी दोन नावं कळली: मेल्टडाउन आणि स्पेक्टर.

मेल्टडाउनवर कायझरचं ते ठिगळ चालतं. स्पेक्टर त्याच्याहून पोहोचलेला आहे, आणि इंटेल, एएमडी, एआरएम कुणालाच तो सोडत नाही. चिपचा होरा मागच्या अनुभवावर बांधलेला असतो ना? मग तिला खोटा अनुभव द्या! समजा एखाद्या प्रोग्रॅमकडे सोळा वस्तूंची यादी आहे आणि मागितलेला क्रमांक सोळाच्या आत आहे ना, हे तो इमानदारीत तपासतो. हल्लेखोर आधी सरळ वागतो. तिसरी द्या, नववी द्या, पाचवी द्या. चिपला सवय लागते की हा नेहमी आतलंच मागतो. मग तो मागतो लाखावी. तपासणीचं उत्तर यायला वेळ आहे, चिप सवयीने पुढे जाते, यादीच्या पार बाहेरचा, दुसऱ्याच कुठल्या गुपिताचा बाइट उचलते, आणि पुढचा खेळ तुम्हाला माहीत आहे. इथे गुन्हा बळीच्या स्वतःच्या, निर्दोष लिहिलेल्या प्रोग्रॅमकडूनच करवून घेतला जातो. चिपला अंदाज बांधू नकोस म्हणावं, तर ती रडतखडत चालेल. म्हणून याला एक औषध नाही, पुड्या आहेत. त्यातली गुगलच्या पॉल टर्नरची ‘रेटपोलिन’ ही मला फार आवडली: चिपचा होरा एका बिनशेवटाच्या चकरीत गुंतवून ठेवायचा आणि खऱ्या कामाने बाजूने निघून जायचं.

आणि ब्राउझर! आपण एखादं संकेतस्थळ उघडतो तेव्हा त्याचा जावास्क्रिप्ट प्रोग्रॅम आपल्या चिपवर चालतो, आपल्याला न विचारता. स्पेक्टर तिथूनही साधतो हे शोधनिबंधातच करून दाखवलं होतं. चोराला लागतं काय? अचूक घड्याळ. तेव्हा ब्राउझरवाल्यांनी काय केलं असेल? घड्याळं बोथट केली! फायरफॉक्सने संकेतस्थळांना मिळणारं घड्याळ २० मायक्रोसेकंदांपर्यंत भरड केलं. पण चोर हुशार. घड्याळ नाही तर तो स्वतः बनवतो. एका धाग्यात, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एकात, नुसतं एक, दोन, तीन मोजत राहायचं आणि दुसऱ्या धाग्यातून तो आकडा वाचायचा, झालं घड्याळ. म्हणून ज्या सोयीने दोन धाग्यांना एकच मेमरी वापरता येते, ती ‘शेअर्ड अॅरे बफर’ नावाची सोयच त्या जानेवारीत काढून घेतली गेली. क्रोमने पुढे त्याच वर्षी प्रत्येक संकेतस्थळाला वेगळी कोठडी दिली. त्यासाठी १० ते १३ टक्के मेमरी जास्त लागते, असं गुगलनेच सांगितलं. क्रोम रॅम खातो म्हणून मी त्याला इतकी वर्षं शिव्या घालत होतो. त्यातला एक घास तो माझ्या पासवर्डच्या राखणीसाठी खातो.

यापुढे काय असणार, असं वाटलं तेव्हा नेटस्पेक्टर सापडला. पुन्हा ग्राझ, २०१८. समोरच्या यंत्रावर आपला एकही प्रोग्रॅम चालवायचा नाही. फक्त नेटवर्कवरून पाकिटं पाठवायची, उत्तर यायला किती वेळ लागतो ते पुन्हा पुन्हा मोजायचं, आणि त्या अब्जांशांच्या फरकातून मेमरी वाचायची! वेग मात्र तासाला १५ बिट. एका अक्षराला अर्ध्या तासाहून जास्त. कुणी यात चेष्टेचा विषय पाहील. मला ते दुसऱ्या खोलीतून, वायरीच्या पलीकडून, तव्याची ऊब ओळखणारे हात दिसतात.

भाचीकडे पाकिटाएवढा एक संगणक आहे, रास्पबेरी पाय ३. त्याची कुंडली काढली तर मेल्टडाउनपुढे आणि स्पेक्टर व्ही टूपुढे ‘नॉट अफेक्टेड’. मला वाटलं काही विशेष कवच असेल. छे! त्याची चिप इतकी साधी आहे की ती असा आगाऊ अंदाजच चालवत नाही. एका मागून एक, क्रमाने. रास्पबेरीचे एबेन अप्टन यांनी जानेवारी २०१८ मध्येच हे सोप्या भाषेत समजावून सांगितलं होतं. पुढच्या पाय ४ ची चिप जास्त वेगवान, म्हणून अंदाज बांधणारी, म्हणून स्पेक्टरच्या तावडीत. हळू चालणारा सुखी, असं काही म्हणायचा मोह होतो, पण मी तर पाय ४ च घेणार आहे.

मग पुढची नावं येतच राहिली. फोरशॅडो २०१८, झोम्बीलोड २०१९, झुरिचच्या ईटीएचमधून रेटब्लीड २०२२, एएमडीचा झेनब्लीड आणि इंटेलचा डाउनफॉल २०२३, अॅपलच्या एम मालिकेतला गोफेच २०२४. सगळी एकाच गोत्रातली नाहीत, पण चिपने गुपचूप केलेल्या लगबगीचा माग काढायचा, ही रीत सगळ्यांची. आपल्याकडेही मुंबई आयआयटीत ‘कॅस्पर’ नावाचा संशोधनगट चिपचा वेग आणि चिपची सुरक्षितता या दोन्हींवर एकत्र काम करतो, हे वाचून मला उगीचच घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला.

घाबरायचं किती? माझं मत सांगतो. घरात बसलेल्या माणसाने स्पेक्टरपेक्षा ओटीपी विचारणाऱ्या गोड आवाजाला शंभरपट जास्त घाबरावं. खरी झोप उडाली ती क्लाउडवाल्यांची. तिथे एकाच चिपवर कुणा बँकेचं काम आणि कुणा अनोळखी भाडेकरूचं काम शेजारी शेजारी चालतं, आणि मधली भिंत चिपच्या शब्दावर उभी असते. त्या भिंती पुन्हा बांधल्या गेल्या, वेगाची किंमत मोजून, आणि अजून बांधल्या जात आहेत.

मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोन्ही शोधनिबंध कुणालाही फुकट वाचायला मिळतात. मेल्टडाउनचा आधी वाचा, स्पेक्टरचा नंतर. उलट केलंत तर डोकं धराल. मेल्टडाउनमधला तो आलेख तर बघाच, सगळी पानं वरच्या वर आणि एकाच पानाने खाली मारलेली बुडी. गणित जवळजवळ नाही. इंग्रजी जड गेलं तर घरातल्या इंजिनिअरिंगच्या पोराला नाहीतर पोरीला शेजारी बसवा आणि एकही प्रश्न गिळू नका. आणि तुमच्या संगणकाच्या कोपऱ्यात ‘अपडेट तयार आहे, रीस्टार्ट करा’ असं काही लोंबकळत असेल, तर वाचायला बसण्याआधी तेवढं उरकून घ्या.